पोळ्याच्या दिवशी बाबा धावले कसे?

यावल तालुक्यातून एका मुलाने विचारलं आहे. वडील ६६ वर्षांचे, केळीचे शेतकरी. दोन वर्षांपासून उजवा हात बसल्या जागी थरथरतो, पावलं बारीक पडतात, घराच्या उंबरठ्यापाशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. पोळ्याच्या दिवशी बैल उधळला तेव्हा मात्र हेच वडील अंगणातून थेट ओट्यावर धावत गेले. तेव्हापासून भाऊबंद म्हणतात, म्हातारा नाटक करतो. त्याच घरातल्या काकूंचा डावा हात चार दिवसांपासून आपोआप भिरकावला जातोय, धरून ठेवला तरी थांबत नाही. डॉक्टरांनी दोघांच्याही बाबतीत ‘मेंदूच्या खोल भागातला बिघाड’ असं सांगितलं. एकाच जागेच्या बिघाडाने एकाचं अंग थिजतं आणि दुसरीचं उधळतं, हे कसं?

आधी काकूंचं बोलतो, तिथे घाई आहे. त्यांच्या रक्तातली साखर तपासली का? नसेल तर हे पुढचं वाचायच्या आधी तपासून घ्या. शरीराच्या एकाच बाजूचा हात किंवा पाय अचानक असा उडायला लागला की माझ्या डोक्यात पहिल्यांदा दोन गोष्टी येतात: मेंदूत खोलवर झालेला छोटा पक्षाघात, नाहीतर बरेच दिवस बेफाम वाढलेली साखर. दोन्हींत थांबून चालत नाही.

काही वर्षांपूर्वी कानबाईच्या रोटांच्या दिवसांत अमळनेरकडच्या एका आजींना माझ्याकडे आणलं होतं. हात खांद्यापासून असा फिरत होता, जणू शेतात पाखरं हाकायला कुणी गोफण फिरवतंय. कॉटच्या लोखंडावर आपटून कोपर सोललं होतं, म्हणून मुलाने मनगट जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांधून ठेवलेलं. झोप लागली की हात गप्प, जाग आली की पुन्हा सुरू. सणाचे दिवस, त्यामुळे घरच्यांना वाटलं अंगात आलंय, आणि दोन दिवस भगताकडे गेले. मी त्यांना बोललो नाही. तो हात पाहिला असता तर शिकलेल्या माणसालाही तसंच वाटलं असतं. साखर निघाली ४८० च्या वर. मधुमेह होता हेच कुणाला माहीत नव्हतं. एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला, पुटामेन नावाच्या भागात, पांढरी चकाकी दिसत होती. इन्सुलिन सुरू केलं, हात शांत करायला एक गोळी अगदी कमी मात्रेत दिली. तिसऱ्या आठवड्यात आजी दोन्ही हातांनी भाकरी थापत होत्या.

आता वडील. लक्षणांवरून पार्किन्सनचा आजार वाटतो. त्यांच्या हातापायांत ताकद आहे, हे आधी भाऊबंदांना सांगा. पंजा लढवायला बसवलं तर अजूनही एखाद्या पुतण्याला पाडतील. लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली सहा रुग्णांवरून या आजाराचं वर्णन लिहिलं तेव्हा त्यानेही स्नायूंची शक्ती घटते असंच म्हटलं होतं. पुढे पॅरिसच्या शार्कोने ते खोडून काढलं. ताकद बरीचशी शाबूत असते, हालचाल सुरू होणं आणि चालू राहणं अवघड होतं, हे त्याने दाखवलं, आणि आजाराला पार्किन्सनचं नावही त्यानेच दिलं. माझ्याकडे येणारी म्हातारी माणसं हे एका वाक्यात सांगतात: “डॉक्टरसाहेब, पाय मनं ऐकतस नही.” ताकद नसल्याची तक्रार नसते त्यात. पाय हुकूम मानत नाहीत, एवढंच म्हणणं असतं.

हुकूम निघतो मेंदूच्या वरच्या थरातून, कॉर्टेक्समधून. तिथून मज्जारज्जूत आणि मज्जारज्जूतून स्नायूत. ही सरळ वाट तुमच्या वडिलांची ठीक आहे. पण हुकूम निघण्याआधी तो एक फेरा मारून येतो. कॉर्टेक्समधून खाली स्ट्रायटममध्ये, तिथून ग्लोबस पॅलिडसमध्ये, तिथून थॅलॅमसमध्ये आणि परत वर. थॅलॅमस वगळता खोलवरच्या या पेशींच्या गाठींना मिळून बेसल गँग्लिया म्हणतात. स्नायूंकडे त्यांची स्वतःची सरळ तार जात नाही. कुठली हालचाल होऊ द्यायची, कुठली अडवायची, आणि होऊ द्यायची तर किती जोमाने, एवढंच त्या ठरवतात.

हे समजवायला मी पाटाच्या पाण्याचं उदाहरण देतो. आता यावल-रावेरकडे केळीला घरोघरी ठिबक आलं, माझ्याकडच्या तरुण रुग्णांना हे उदाहरण कळेनासं झालंय. पण तुमच्या वडिलांनी उमेदीच्या काळात रात्री कंदील घेऊन दारं धरली असणारच. पाटात पाणी उभं असतं आणि सगळ्या सऱ्यांची तोंडं मातीने बुजवलेली असतात. दारं धरणारा फावड्याने एका सरीचं तोंड फोडतो, पाणी आपसूक आत शिरतं. सरी भरली की तोंड बुजवून पुढची फोडतो. पाणी ढकलायला त्याला जोर लावावा लागत नाही. कुठली माती काढायची आणि कुठली आणखी थापायची, सगळं कसब त्यात.

मेंदूतही बंद असणं हीच मूळ अवस्था आहे. ग्लोबस पॅलिडसच्या आतल्या भागातल्या पेशी तुम्ही निवांत बसलेले असतानाही सेकंदाला साठ-ऐंशी वेळा ठिणग्या टाकत असतात, आणि त्यांची प्रत्येक ठिणगी थॅलॅमसला ‘नको’ म्हणते. ही झाली सऱ्यांच्या तोंडावरची माती. चहाचा कप उचलायचं मनात आलं की स्ट्रायटममधल्या काही पेशी जाग्या होतात आणि त्या ‘नको’ म्हणणाऱ्यांनाच गप्प करतात. माती निघाली, हात पुढे गेला. ही सरळ वाट. दुसरी वाट वळसा घेते: स्ट्रायटममधून ग्लोबस पॅलिडसच्या बाहेरच्या भागात, तिथून सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाच्या भुईमुगाच्या दाण्याएवढ्या गाठीत, आणि ती गाठ मग आतल्या भागाला आणखी चेतवते. म्हणजे शेजारच्या सऱ्यांवर जादा माती. शिवाय कॉर्टेक्समधून त्या दाण्याकडे थेट येणारी तिसरी, सगळ्यांत जलद वाट आहे. पुढे टाकलेलं पाऊल साप दिसताच जागच्या जागी थांबतं, त्यात तिचा मोठा हात असतो.

या सगळ्यावर डोपामिन, एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवणारं रसायन. मेंदूच्या देठात सब्स्टान्शिया नायग्रा म्हणून एक काळपट पट्टा आहे, नावाचा अर्थच ‘काळा पदार्थ’. मेंदूत ८,६०० कोटींच्या आसपास चेतापेशी असतात, त्यांतल्या या पट्ट्यातल्या डोपामिनवाल्या जेमतेम काही लाख. त्यांचं डोपामिन सरळ वाटेला उत्तेजन देतं आणि वळशाच्या वाटेला आवरतं. दोन्हीकडून परिणाम एकच: माती सुटी होते. पार्किन्सनच्या आजारात या पेशी मरत जातात. मेंदू बरीच वर्षं सांभाळून घेतो, निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त पेशी गेल्यावरच हात थरथरायला लागतो. त्याआधीची लक्षणं कुणी डॉक्टरला सांगत नाही: वास येईनासा होणं, जुनाट बद्धकोष्ठ, झोपेत स्वप्नाबरोबर लाथा मारणं. तुमच्या आईला विचारून पाहा, त्यांना यांतलं काहीतरी दहा वर्षांपूर्वीचं आठवेल.

वडिलांचं झालंय ते असं. पाट भरलेला आहे, पण माती ओली होऊन चिकट बसली आहे, फावडं चालत नाही. काकूंच्या बाबतीत बांधच वाहून गेलाय. तो भुईमुगाचा दाणा किंवा त्याच्याशी जोडलेली वाट पक्षाघाताने वा साखरेने बिघडली की जादा माती थापणारं कुणी उरत नाही आणि नको त्या सरीत पाणी धावतं.

हे दोन आजार एकमेकांचे आरसे आहेत हे माकडांवर दिसलं. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुणांनी घरगुती पद्धतीने बनवलेलं नकली हेरॉइन टोचून घेतलं आणि काही दिवसांत ते ऐंशीच्या पार्किन्सनच्या रुग्णासारखे पुतळे झाले. त्यात एमपीटीपी नावाची भेसळ निघाली, ती नेमकी त्या काळ्या पट्ट्यातल्या पेशी मारते. मग संशोधकांनी माकडांना तेच देऊन आजार तयार केला. १९९० मध्ये डीलाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा थिजलेल्या माकडांचा तो भुईमुगाचा दाणा बिघडवला, आणि माकडं हलू लागली. जो बिघाड एरवी काकूंसारखा आजार देतो, त्यानेच तुमच्या वडिलांच्या आजाराची गाठ सैल झाली. तुमच्या घरात एकाच वेळी ही दोन टोकं आली हा दुर्दैवी योगायोग आहे, पण प्रश्नाचं उत्तर तुमच्याच ओसरीत बसलंय.

बैलाकडे येतो. हे नाटक नाही, आमच्या शास्त्रात याला नावही आहे. घराला आग लागल्यावर अंथरुणाला खिळलेला पार्किन्सनचा रुग्ण उठून पळाल्याच्या नोंदी आहेत. स्वतःहून, आतून सुरू करायची हालचाल (उठणं, वळणं, उंबरठा ओलांडणं) या खोल फेऱ्यावर जास्त अवलंबून असते. डोळ्यांना दिसलेल्या किंवा कानांनी ऐकलेल्या इशाऱ्यावर होणारी हालचाल छोटा मेंदू आणि कॉर्टेक्सच्या दुसऱ्या वाटेनेही निघू शकते, असं मानलं जातं. बैल अंगावर आला तेव्हा त्या आडवाटेने पाणी सुटलं. ठरवून सोडता येत नाही ते. दुसऱ्या दिवशी “काल धावलात, आज का नाही?” असं कुणी विचारलं असेल तर फार वाईट केलं. ताणाखाली पाय आणखी चिकटतात.

मात्र ही आडवाट आपल्याला फुकट वापरता येते. उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे जमिनीवर ठळक रंगाच्या आडव्या पट्ट्या आखा. पट्टीवर पाय टाकायचा एवढंच वडिलांनी ध्यानात धरायचं. ओट्यावरून ‘एक-दोन, एक-दोन’ असा ताल दिला तरी चालतं. माझ्या एका वारकरी रुग्णाला टाळ वाजवला की पावली सुचते, टाळ थांबला की दारातच उभे. पाय चिकटले असताना हात धरून ओढू नका, धड पुढे येतं, पाय मागे राहतात आणि माणूस तोंडावर पडतो.

आता एक काम करा. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत भरून डॉक्टरसमोर ओता. सगळ्या म्हणजे सगळ्या, ‘ती तर साधी गॅसची आहे’ म्हणून मागे ठेवतात ती आधी. हे मी ठेच लागून शिकलोय. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंना मी जवळजवळ वर्षभर पार्किन्सनचं औषध दिलं, मात्रा वाढवत राहिलो, काही फरक नाही. एकदा सून तिच्याबरोबर आली आणि पिशवीतून अर्धी संपलेली पट्टी निघाली: पोट साफ राहावं, ढेकर येऊ नयेत म्हणून मेडिकलवरून परस्पर आणलेली. त्यात ॲसिडिटीच्या औषधाबरोबर लेव्होसल्पिराइड होतं. ते मेंदूत डोपामिनची जागा अडवून बसतं. काळ्या पट्ट्यातल्या पेशी धडधाकट, डोपामिन तयार, पण कुलपात किल्लीच जात नाही. ती गोळी बंद केल्यावर चार महिन्यांत बाई मोकळ्या झाल्या. वर्षभर मी प्रश्न विचारला नव्हता, चूक माझीच.

याच यादीत उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड, चक्करसाठी वर्षानुवर्षं चालू राहणारं सिनॅरिझिन, अर्धशिशीसाठीचं फ्लुनॅरिझिन आणि मानसिक आजारावरची बरीच औषधं येतात. यांतलं काही मनानेच बंद करू नका, विशेषतः मानसिक आजारावरचं. डॉक्टरला दाखवून बदलून घ्या. गंमत अशी की काकूंचा उडणारा हात शांत करायला आम्ही याच कुळातली गोळी थोडी मुद्दाम वापरतो. वडिलांना जे विष, ते काकूंना उतारा. वडिलांचं वर्णन, एकाच हाताला सुरुवात, बसल्यावर थरथर, कामाला लावला की कमी, हे खऱ्या पार्किन्सनकडे झुकतं. गोळ्यांमुळे झालेलं बहुधा दोन्ही बाजूंना एकदम येतं. पण पिशवी ओतल्याशिवाय मी पैज लावणार नाही.

डोपामिनचा शोध ज्या वाटेने लागला तीही आपल्याकडून जाते. सर्पगंधेचं मूळ आपले वैद्य पूर्वापार वापरत आले. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरचा तिचा अनुभव इंग्लंडच्या नियतकालिकात छापला आणि जगाचं लक्ष गेलं. तिच्यातून निघालेलं रेसर्पिन १९५७ च्या सुमारास स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना दिलं. ससे कान पाडून निपचित पडले. मग लेव्होडोपा, म्हणजे ज्यापासून शरीरात डोपामिन तयार होतं ते द्रव्य, टोचलं आणि ते थोड्याच वेळात उठून फिरू लागले. १९६० मध्ये व्हिएन्नात हॉर्निकेविच यांना पार्किन्सनच्या मृत रुग्णांच्या स्ट्रायटममध्ये डोपामिन आटलेलं सापडलं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

हेच लेव्होडोपा आपल्या खाजकुहिलीच्या बियांत असतं. १९३७ मध्येच दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी ते त्यातून वेगळं काढलं होतं. सातपुड्याच्या पायथ्याला राहणाऱ्यांना ही वेल शेंगेवरच्या खाजेमुळे ठाऊक असते. म्हणून दर महिन्याला कुणीतरी विचारतं: मग बियांची पूडच घेऊ का? औषध खरं आहे, पण एका चमच्यात किती हे दर वेळी वेगळं. पार्किन्सनच्या गोळीत लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा असतं, ते लेव्होडोपाचं रक्तातच डोपामिन होऊ देत नाही, त्यामुळे मळमळ कमी आणि मेंदूत पोचणारा वाटा जास्त. पुडीत ते नसतं. आणि गोळीवर पूड अशी दुहेरी मात्रा झाली तर हातपाय वेडेवाकडे नाचायला लागतात, शिवाय रक्तदाब घसरतो. घेतच असतील तर डॉक्टरपासून लपवू नका.

गोळीची वेळ हा आपल्याकडचा मोठा घोटाळा. लेव्होडोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरताना प्रथिनांच्या तुकड्यांशी एकाच दारात रेटारेटी करतं. वरण-बट्टी किंवा उडदाच्या डाळीबरोबर गोळी घेतली की डाळ आत जाते आणि गोळी रांगेत राहते. मग ‘दुपारी औषध लागूच पडत नाही’ अशी तक्रार. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास गोळी, पाण्याबरोबर. डाळ सोडू नका, म्हाताऱ्या माणसाला ती हवीच. लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत दोन तासांचं अंतर. आणि पार्किन्सनची गोळी एकदम बंद कधीच करू नका. ताप चढून जिवावर बेतू शकतं.

वर मी दारं धरण्याचं जे चित्र रंगवलं, ते पूर्ण खरं नाही हेही सांगायला हवं. २०१० मध्ये उंदरांच्या मेंदूत प्रकाशाने सरळ वाट चेतवली तर ते हलले आणि वळशाची वाट चेतवली तर थिजले, तिथवर चित्र जुळतं. पण २०१३ मध्ये दिसलं की उंदीर हालचाल सुरू करतो तेव्हा दोन्ही वाटा एकदमच जाग्या होतात. म्हणजे एक ब्रेक, एक ॲक्सिलरेटर इतकं सोपं नाही. एका सरीत सोडताना शेजारच्या बुजवणं एकाच वेळी चालतं, असं समजणं जास्त जवळचं.

दुसरी अडचण त्याहून मोठी. ग्लोबस पॅलिडसचा आतला भाग शस्त्रक्रियेने जाळला तर माती कायमची गेली, माणूस काकूंसारखा उडायला हवा. प्रत्यक्षात औषधाने आलेला नाचच त्याने थांबतो. याचा अर्थ माती किती, एवढ्यावर भागत नाही. पार्किन्सनमध्ये या पेशी एका सुरात, सेकंदाला १३ ते ३० च्या लयीत डोलायला लागतात आणि त्या गोंगाटात खरा हुकूम बुडतो. गोंगाटापेक्षा शांतता परवडते. फ्रान्समधल्या ग्रेनोबलला आलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ पासून जाळण्याऐवजी थॅलॅमसमध्ये बारीक तार ठेवून सेकंदाला शंभराहून अधिक झटके द्यायला सुरुवात केली आणि १९९३ मध्ये तीच तार सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये टाकली. ती नेमकं काय करते यावर वाद चालू आहे, पण त्या डोलण्याची लय मोडते हे दिसतं. छातीत कॉलरच्या हाडाखाली बॅटरी, मेंदूत तार. मुंबई-पुण्यात ही शस्त्रक्रिया होते. तुमच्या वडिलांना आज तिची गरज दिसत नाही. गोळी लागू पडते पण टिकत नाही, दिवसाचे चार तास नाच आणि चार तास पुतळा, अशी वेळ आली तर बोलू. जाहिरात पाहून आधीच धावू नका. गोळीला दाद न देणारी लक्षणं तारेलाही सहसा दाद देत नाहीत, तोल जाणं तर बहुतेक वेळा नाहीच.

भुसावळ, जळगाव, धुळे, जिथे सोयीचं तिथे मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. जाताना दोन दिवस कागदावर लिहा: गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, पाय कधी मोकळे, कधी चिकटले. मोबाइलवर चालण्याचा व्हिडिओ काढा, दवाखान्यात बहुतेकांची चाल सुधारते. काकूंना त्याच गाडीत न्यायची वाट पाहू नका, त्यांना आज न्या. आणि उंबरठ्याच्या पट्ट्या आखताना दोन पट्ट्यांमधलं अंतर वडिलांच्या जुन्या पावलाएवढं ठेवा, आत्ताच्या नाही.